आठवडाभर आधी आलेला ईस्टर

पोलितिमीनं सकाळीच पीठ मळून ठेवलं होतं, आणि आता ती आत भाजी भरून भाजण्यासाठी काठीसारख्या लांब लाटण्यानं त्याचे पापुद्रे लाटत होती. टेबलावर धुतलेल्या रानभाज्यांचा ढीग. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, म्हणून मांस नाही, लोणी नाही, चीज नाही, सगळं तेलावरच भागवायचं. नवरा लांब्रोस खिडकीशी कॉफी घेऊन बसला होता आणि ग्रीसमधल्या यानिनाच्या तळ्यावरचं धुकं कधी उठेल याचा अंदाज रोजच्यासारखा चुकवत होता. वरच्या मजल्यावरची नणंद वासिलो मदतीला आली होती, म्हणजे खुर्चीत बसून सूचना करत होती.

"वहिनी, कडेला जाड राहिलंय."

"राहू द्या वन्सं. कडा तुमच्याच ताटात वाढीन."

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात मुलगा वांगेलिस उभा होता. त्याच्या मागे सून सिल्के, आणि दोघांच्या मधून डोकावणारी नात तिमी. जर्मनीहून हे लोक उन्हाळ्यात यायचे, तेही महिनाभर आधी फोन करून. पोलितिमीनं पिठाचे हात वर धरले आणि तिघांनाही कोपरांनीच जवळ घेतलं.

"आई, काही विचारू नकोस," वांगेलिस बॅग टेकवायच्या आतच म्हणाला. "सगळं ठरवूनच आलोय. परवा सगळ्यांनी केर्किराला जायचं. जुन्या शहरात भाड्यानं घर घेतलंय, सोमवारपर्यंत. यंदाचा ईस्टर तुझ्या माहेरी."

लांब्रोसनं कॉफीचा कप खाली ठेवला. "कुणाचा ईस्टर?"

"म्हणजे काय, बाबा? या रविवारी..."

"या रविवारी जर्मनांचा. आपल्याला अजून आठवडा आहे. या रविवारी आपल्या झावळ्या, ईस्टरच्या आदला रविवार."

वांगेलिसचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिकडे त्यांच्या स्वयंपाकघरात तिमीच्या शाळेचं कॅलेंडर टांगलेलं असतं, त्यात बघून बिचाऱ्यानं सुट्टी काढली, घर ठरवलं, बोटीची तिकिटं घेतली. लहानपणी याच दिवसांत मटणासाठी उपासाचे दिवस मोजणारा हा मुलगा, पण अकरा वर्षं परक्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला की असं होतं. त्यातच सिल्केनं पिशवीतून भेट म्हणून आणलेले सॉसेज काढून टेबलावर ठेवले, अगदी रानभाजीच्या शेजारी. वासिलोनं छातीवर क्रूस काढला.

"आजोबा, मग खरा ईस्टर कुठला?" तिमीनं विचारलं.

"दोन्ही. तुमच्याकडचे लोक जरा घाईत असतात."

पोलितिमी हसली, पण तिचं लाटणं थांबलं होतं, आणि ते लांब्रोसच्या नजरेतून सुटलं नाही.

ती केर्किरा बेटावरची. किल्ल्याजवळच्या अरुंद गल्लीत, समोरच्या घरातला वाळत घातलेला शर्ट हातानं काढता येईल अशा घरात वाढलेली. वडील गावच्या बँडमध्ये मोठा पितळी कर्णा वाजवायचे. झावळ्यांच्या रविवारी संत स्पिरिदोनाची पालखी निघते आणि बेटावरचे सगळे बँड तिच्यासोबत चालतात. लहानपणी वडिलांच्या शेजारून चालत तिनं ती मिरवणूक अख्खी पायाखाली घातलेली. मग लग्न करून ती डोंगरापलीकडे यानिनाला आली. इथली रीत अशी, की ईस्टर नवऱ्याच्या गावी. आणि ईस्टरला गावचं घर पांढरंशुभ्र हवं, म्हणून झावळ्यांच्या आदल्या शनिवारी भिंतींना चुना द्यायचा, रविवारी देवळातून येऊन घर लावायचं. उन्हाळ्यात ती माहेरी जाऊन यायची, लग्नांना गेली, आईवडिलांच्या मयतांना गेली. झावळ्यांच्या रविवारी मात्र एकदाही नाही. लांब्रोस जन्मभर यानिना ते बंदर अशी बस चालवत होता. तिच्या बेटाची बोट रोज बघून घरी यायचा, आणि त्या शनिवारी ही गावी चुना कालवत असायची.

त्याबद्दल तिनं कधी तोंड वाकडं केलेलं कुणी पाहिलं नाही. पहिल्यांदा तिनं पापुद्रे लाटले तेव्हा सासरे म्हणाले होते, "सूनबाई, याला खिळे ठोकले तर बूट होईल." तीच पोलितिमी आज लाटायला लागली की शेजारणी शिकायला येतात. पहिला मुलगा झाला, तेव्हा माहेरच्या संताचं नाव ठेवावं असं तिच्या मनात होतं. पण पहिल्या मुलाला आजोबांचं नाव, म्हणून वांगेलिस झाला. बारशाच्या जेवणात तिनं स्वतःच सगळ्यांना वाढलं, आणि सगळ्यात मोठ्यानं हसणारी तीच होती. ते हसणं खोटं नव्हतं. या बाईला दुसऱ्याच्या आनंदात मनापासून बसता यायचं, आणि हे जमणारी माणसं मी तरी फार पाहिली नाहीत.

वांगेलिस तोवर फोन घेऊन गॅलरीत गेला होता. परत आला तो मान हलवत. "तारखा पुढे ढकलू का विचारलं, तर घरमालक हसला. म्हणे, पुढच्या आठवड्यात आमच्या शहरात उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब समजा. आई, हे रद्द करतो. उन्हाळ्यात बघू."

"बरोबर आहे," वासिलो म्हणाली. "आणि शनिवारी गावी चुना द्यायचाय. तो काय जर्मन येऊन देणार?"

सिल्के पुस्तकातून शिकलेल्या भाषेत म्हणाली, "मी देऊ शकते. मला रंगकाम आवडते."

"तू आधी ते सॉसेज आत ठेव, बाई."

पोलितिमीनं हाताचं पीठ झटकलं, एप्रनला पुसलं, आणि खुर्ची ओढून बसली. कामाच्या मध्ये ती अशी कधी बसत नसे.

"रद्द करू नकोस," ती म्हणाली. "मी यंदा जाणार आहे."

आवाज चढवला नव्हता. तरी वासिलो खुर्चीत सरळ झाली.

"आणि चुना?" तिनं विचारलंच.

"चुना मी देतो," खिडकीशी बसूनच लांब्रोस म्हणाला. "मला बोट लागते हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. तीस वर्षं धक्क्यापर्यंत बस नेली, पण बोटीच्या फळीवर पाय ठेवला नाही. आता म्हातारपणी ओकत कशाला जाऊ?"

"तुला चुना देता येतो?" वासिलो म्हणाली. "गेल्या खेपेला खिडकीची काचसुद्धा पांढरी केली होतीस."

"मग यंदा सगळ्या करतो. एकसारखं दिसेल."

"म्हणजे बाबांचं तिकीट वाया जाणार," वांगेलिस म्हणाला.

वासिलो टेबलावरचे पिठाचे कण बोटानं गोळा करत होती. तिनंही जन्मात ते बेट पाहिलं नव्हतं. भावाच्या बायकोच्या माहेरी जायचं निमित्त तिला कोण देणार? पोलितिमीनं तिच्याकडे पाहिलं, आणि जिला चुन्याची काळजी होती तिलाच ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही चला."

"मी? माझे गुडघे..."

"तिथे बाकं आहेत."

वासिलोला नाही म्हणायचं होतं, ते जमलं नाही. पण एकदा जायचं ठरल्यावर बेत आखायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं. सिल्केनं फोनमध्ये दोन किल्ले, संग्रहालय आणि शहराबाहेरचा राजवाडा लिहून आणला होता. वासिलोनं एक किल्ला खोडायला लावला, चढ आहे म्हणून. तिमीला समुद्रात उतरायचं होतं. वांगेलिस म्हणाला, एप्रिलचं पाणी आहे, घोट्यापर्यंत. लांब्रोसनं गावी जाताना सगळ्यांना बंदरापर्यंत सोडायचं कबूल केलं. रविवारी उपासात मासा चालतो, तेव्हा खारवलेला मासा लसणाच्या चटणीबरोबर कुठे खायचा, यावरून वांगेलिस आणि त्याची आत्या यांच्यात जुंपली, दोघांनाही तिथल्या एकाही खाणावळीचं दार माहीत नसताना.

पोलितिमी पुन्हा पापुद्र्यांकडे वळली होती. तव्यातल्या पापुद्र्यांवर भाजी पसरून, वर शेवटचा पापुद्रा टाकून तिनं कडा दुमडल्या. प्रवासासाठी असाच आणखी एक तवा भाजावा लागेल, तिमीचा स्वेटर, वन्संच्या गोळ्या, ते तिनं मनात धरलंच होतं.

"रविवारी सकाळी सगळे मिरवणुकीला," वासिलो म्हणाली. "वहिनी मला सांगेल कोण कुठला बँड, मी तिच्या हाताला धरून उभी राहीन."

"मीपण आजीबरोबर," तिमी म्हणाली.

"मला चित्रफीत काढायची आहे," सिल्के म्हणाली. "आई, तुम्ही मला सर्व अर्थ सांगाल?"

पोलितिमीनं तवा ओव्हनमध्ये सरकवला, दार लावलं आणि वळून टेबलाशी उभी राहिली.

"तुम्हाला कुठे उभं राहायचं ते शनिवारी दाखवते. चांगली जागा आहे, वन्संना बसताही येईल. जेवायला कुठे जायचं तेही सांगते. तुम्ही म्हणाल ते सगळं करू," ती म्हणाली. "माझं एकच सांगणं आहे. पालखी निघाल्यापासून देवळात परत जाईपर्यंत मला बँडच्या शेजारून एकटीला चालू द्या. माझ्याबरोबर कुणी येऊ नका."