छापलेली साक्ष

आयांना धीर देणारी ख्रिस्ती पुस्तकं दिसली की मला आता मळमळतं. गुळगुळीत मुखपृष्ठ, खिडकीपाशी बसलेली गोरी बाई, तिच्या मांडीवर सोनेरी केसांचं बाळ, आणि खाली लफ्फेदार अक्षरांत आईच्या अश्रूंबद्दल नाहीतर आईच्या ओंजळीबद्दल काहीतरी गोड गोड. यांतली नऊ पुस्तकं मराठीत मीच आणली. म्हणजे ओकारी येते ती माझ्याच स्वयंपाकाची.

मी जन्माची ख्रिस्ती. देवावर विश्वास आहे आणि सकाळची प्रार्थना अजून चुकत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण असं काही बोललं की आमची माणसं लगेच ‘बाई विश्वासात थंड पडल्या’ म्हणून मोकळी होतात. शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले. वर्ध्याला लागून सिंदी मेघेत घर आहे, मुलं बाहेरगावी, दुपार खायला उठायची. नागपूरचे एक प्रकाशक, आम्ही त्यांना बंधू म्हणतो, अशी पुस्तकं काढत, त्यांना भाषांतराला कोणीतरी हवं होतं. सेवा म्हणून मी काम घेतलं आणि मला ते आवडायलाही लागलं.

त्या पुस्तकांतली आई पहाटे उठून बागेत खुर्ची टाकते, गरम कॉफी घेऊन पवित्र शास्त्र उघडते. मुलं भांडली की तिला एक वचन आठवतं, नवरा चिडला की दुसरं. चौथ्या पानावर रडणारी बाई सहाव्या पानावर हसलीच पाहिजे, असा जणू कायदा. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बाया दोन खोल्यांत सहा माणसांचं करणाऱ्या. पहाटे उठतात त्या नळाला पाणी येतं म्हणून. बाग कुठली आणि खुर्ची कुठली! मी मग ओव्हनमधल्या केकच्या जागी धिरडी घातली, कॉफीचा चहा केला, आणि पानभर बर्फ होता तो काढून तिथे वर्ध्याचं मे महिन्याचं ऊन घातलं. बंधू म्हणाले, ‘ताई, वाटतच नाही भाषांतर आहे म्हणून.’ मी चार दिवस फुगून होते.

दहाव्या पुस्तकाच्या वेळी त्यांनी नवी मागणी केली. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी इथल्या एका आईची साक्ष हवी. परदेशी बाईचं वाचून आपल्या बायांना ते दुरून डोंगर साजरे वाटतं, म्हणाले. मुद्दा बरोबर होता. साक्षींचा तर आमच्याकडे तोटा नाही. दर गुरुवारी दुपारी स्त्रियांची सभा भरते, चर्चच्या पाळकांच्या पत्नी, आमच्या पाळकीणबाई, ती चालवतात. गीत झालं, वचन झालं, की एकेक जण डोक्यावर पदर घेऊन उभी राहते आणि देवानं आठवड्यात काय केलं ते सांगते. कोणाचं पोर पास झालं, कोणाच्या नवऱ्यानं दारू सोडली. साक्षीला कोणी मध्ये तोडत नाही, कोणी उलटा प्रश्न विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे शंका घेणं. आणि एकदा दिलेली साक्ष कोणी बदलत नाही. नवऱ्यानं पुढच्याच आठवड्यात पुन्हा प्यायला घेतली तरी ती बाई त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ही आमची रीत. लहानपणापासून बघत आले, त्यात काही वावगं आहे असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

माझ्या मागच्या गल्लीत एक सून होती. माहेर हिंगणीचं, नवरा फर्निचरच्या कारखान्यात, घरात सासू. तिला चार वर्षांची मुलगी. त्या मुलीला दोन वर्षांपासून झटके येत. डोळे फिरत, दात बसत, तोंडाला फेस येई. सहा महिने झटका आला नाही तेव्हा ही सभेत उभी राहिली. तिची साक्ष मी जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली.

‘सगळ्याईले सलाम. माह्या पोरीले झटके येत होते तुमाले मालूमच हाय. मी लय रडलो. मग सेवाग्रामले नेलं. डॉक्टर म्हणे, गोळी सकाळ-संध्याकाळ द्याची, एक दिवस बी चुकवाची नाई. मी गोळी देतो अन् तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. दोन्ही करतो. आता सहा महिने झाले, देव सांभाळून राह्यला. बस, इतकंच.’

वऱ्हाडीत बाईसुद्धा ‘मी करतो’ म्हणते, ते मी ‘करते’ केलं. ‘लय’चं ‘खूप’ केलं. मग सगळं मोठ्यानं वाचून पाहिलं. रडणं, प्रार्थना, हात, शांती, सगळं जागच्या जागी होतं, मध्ये ती गोळीच तेवढी दाताखाली खड्यासारखी येत होती. मी ते वाक्य काढलं. बंधूंनी सांगितलं नव्हतं, पाळकीणबाईंनी सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं असतं तर आज राग काढायला एक जागा तरी असती. मला परिच्छेद घोटीव हवा होता म्हणून मी एका आजारी पोरीचं औषध त्यातून काढून टाकलं आणि वर समाधानानं चहा प्यायले.

पुस्तक मदर्स डेच्या रविवारी आलं. भक्ती संपल्यावर पाळकीणबाईंनी नेमकं तेच पान वाचायला घेतलं. नाव छापलं नव्हतं, पण आमची मंडळी केवढी! पहिल्याच ओळीला सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. सासूनं खांदे सरळ केले. वाचन संपलं तेव्हा दोघीतिघी डोळे पुसत होत्या, आणि हे मी लिहिलंय हे सगळ्यांना कळावं म्हणून मी मुद्दाम खाली बघत बसले.

बाहेर चपला घालताना ती माझ्यापाशी आली.

‘बाई, त्याच्यात गोळीचं राह्यलं वाटते.’

‘अगं, पुस्तकात सगळं कुठं मावतं?’ मी म्हणाले.

ती ‘हाव’ म्हणाली आणि गेली. मावत नाही! पानाखाली चार बोटं जागा कोरी होती, तिथे छापखान्यानं कबुतराचं चित्र घातलं होतं.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं, थोडं शेजारणींकडून, थोडं सासूकडून. त्या पानाचा फोटो सभेच्या व्हॉट्सॲपवर फिरला, तिथून दुसऱ्या मंडळ्यांच्या ग्रुपवर गेला. पुलगावहून, हिंगणघाटहून बाया आपापली आजारी पोरं घेऊन त्या घरी यायला लागल्या. मुलीच्या डोक्याला हात लावत, आईला म्हणत, तू प्रार्थना कर. सासू भेटायला आलेल्यांना चहा पाजी आणि पुस्तक हातात देई. साधी भाबडी म्हातारी, तिला पहिल्यांदाच कोणी मान देत होतं. आलेल्या बायांसमोर गोळी कशी द्यायची? सून मोरीत नेऊन देई. मग एका बाईनं तिला औषधाच्या दुकानात पाहिलं आणि भर गुरुवारच्या सभेत, अगदी मायेनं विचारलं, ‘काऊन वं, आता गोळी कायले? देवानं बरं केलं नं?’

त्या दिवशी मी सभेतच होते. दोन ओळी सोडून बसले होते. ती माझ्याकडे बघत होती. मी उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, की हिनं गोळीचं सांगितलं होतं, मी खोडलं. दहा सेकंदांचं काम. पण बंधूंना काय वाटेल, पाळकीणबाईंना काय वाटेल, छापलेल्या हजार प्रतींचं काय, असल्या गोष्टी माझ्या डोक्यात आल्या आणि मी गीताचं पुस्तक चाळत राहिले. त्या बसण्याची मला आजही किळस येते. पुस्तकं पुरी किळसवाणी, पण त्यांना हातपाय नसतात. मला होते.

तिनं गोळी बंद केली. विश्वास वाढला म्हणून नाही. लाजेनं केली. गोळी चालूच ठेवली तर आपलाच विश्वास कमी पडला असं सगळे म्हणतील, ही भीती. शिवाय छापलेल्या अक्षराला एक वजन असतं ना! एवढ्या शिकलेल्या बाईंनी लिहिलंय, तर गोळीशिवायच बरं झालं असेल, असंही तिला कधीकधी वाटे, असं सासूनं मला सांगितलं. सांगताना सासू माझ्यावर चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांनी झटका आला आणि थांबेना. ऑटोत घालून सेवाग्रामला नेलं. मला कळलं तेव्हा मी धावत गेले. अतिदक्षता विभागाच्या बाहेर ती भिंतीला टेकून खाली बसली होती, केस सुटलेले, पायांत चप्पल नव्हती. तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि तिनं विचारलं, ‘गोळ्या चांगल्या लागू पडल्या होत्या. बंद कोणी केल्या?’

‘मीच केल्या,’ ती म्हणाली.

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. हातात बिस्किटांचा पुडा होता. मी काही बोलले नाही. डॉक्टरीण तिला रागावली, तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

मुलगी वाचली. चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले. पण चुरूचुरू बोलणारी पोर, आता शब्दाशब्दाला अडखळते, उजव्या हातात वाटी धरवत नाही. डॉक्टर म्हणतात सुधारेल, पण वेळ लागेल, आणि किती सुधारेल ते आज सांगता येत नाही. ती मुलीला घेऊन हिंगणीला माहेरी निघून गेली.

पुढच्या गुरुवारी मात्र मी उभी राहिले. सगळं सांगितलं. वाक्य कोणतं होतं, कोणी काढलं, का काढलं, आणि दवाखान्यात मी कशी मुकी उभी राहिले. मला वाटलं होतं कोणीतरी उठून मला शिव्या घालील, निदान पुस्तकं परत घ्या म्हणेल. मी थांबले. मग मागून कोणीतरी ‘हालेलुया’ म्हणालं. पाळकीणबाईंनी डोळे पुसत मला मिठी मारली. ‘किती नम्र साक्ष दिली आमच्या बाईंनी!’ म्हणाल्या. एकीनं मोबाईलवर रेकॉर्डही केलं होतं. मी साक्ष दिलीच नव्हती. मी गुन्हा कबूल केला होता. पण आमच्या त्या खोलीत उभं राहून काहीही बोललं तरी त्याची साक्षच होते.

संध्याकाळी बंधूंचा फोन आला. रेकॉर्डिंग त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्यांचाही आवाज भरून आला होता.

‘ताई, मी ऐकताना रडलो. हे पुढच्या पुस्तकात घ्यायलाच पाहिजे. पापकबुलीवर एक प्रकरण आहेच. तुम्हीच लिहा, तुमच्या हातचं वेगळं असतं. शेवट फक्त जरा आशेचा करा.’

‘आधी आहेत त्या प्रती परत मागवा,’ मी म्हणाले.

‘बघू ना, ताई. प्रार्थनेत ठेवू.’

मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन खरोखरच ओकले.

त्यानंतर आठवड्यानं मी सेलूमार्गे हिंगणीची बस धरली. तिचं घर विचारत विचारत गेले. अंगणात तिची आई तूर निवडत होती. मला पाहून तिनं खाट टाकली, पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेली. पाहुणचारात काही कमी नव्हतं. ती स्वतः ओसरीवर बसून मुलीला भरवत होती. भरवून झाल्यावर तिनं गोळी चमच्यात चुरली, पाण्यात कालवली आणि मुलीला पाजली. मुलीनं तोंड वाकडं केलं, तिनं पदरानं पुसलं. मग माझ्याकडे बघितलं.

माझं चुकलं, मी म्हणाले. वाक्य मी काढलं, सभेत मी गप्प बसले, दवाखान्यातही गप्प बसले. मी हे सभेत सांगितलंय. तुझ्यावर कोणी बोट ठेवणार नाही. मला माफ कर.

मुलगी तिच्या गुडघ्याला धरून उभी राहायला बघत होती. आतून चहाचा वास येत होता.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘मी आता माफ केलं म्हणीन, तं थे बी तुमी छापसान.’