पट्टीनं सरकवलेले पत्ते

चौगुले सर गेल्याचा निरोप सकाळी प्रार्थनेच्या आधी आला, आणि मी पहिलं काम काय केलं, तर त्यांचे त्या दिवसाचे तास वाटून दिले. आठवी ब कुणाकडे, दहावीचं गणित कुणाकडे, सगळं कागदावर मांडलं आणि मगच खुर्चीत बसले. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणे... आता दीड महिना झाला. आमच्या बेळगावच्या मराठी शाळेत गणिताचे आम्ही दोघंच. प्रमेय सिद्ध झालं की सर डस्टर खाली ठेवून वर्गाकडे बघत हसायचे, जणू पोरांनीच ते शोधून काढलंय. अभ्यासक्रम वेळेत संपतोय की नाही, हे बघायचं काम माझं. ते मी चोख करते असं सगळे म्हणतात. सरांची आठवण लिहायला बसले की मला त्या चोखपणाचीच लाज वाटते.

दहावीचा वर्ग त्यांच्याकडे नव्यानं आला, त्या वर्षीची गोष्ट. एसएसएलसी बोर्डाच्या सराव परीक्षेत संभाव्यतेवर प्रश्न होता: नीट पिसलेल्या बावन्न पत्त्यांतून एक काढला, तर तो लाल राजा असण्याची संभाव्यता किती? नाणी, फासे सगळ्यांना येत होते. हा प्रश्न मात्र अख्ख्या वर्गानं कोरा सोडला. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी पेपरांचा गठ्ठा पुढे ठेवला. "सर, हे काय?"

"पत्त्यांचं तेवढं न्हाय घेतलं, मॅडम."

"का?"

त्यांनी बोटांवरचा खडू पुसला. "मलाच येत न्हाय. इस्पिक कुठलं, किलवर कुठलं..."

"गणपतीत आमच्या मांडवात या की सर," पीटीचे सर म्हणाले. "एका रात्रीत तयार करतो. फक्त पाकीट घरी ठेवून या." सगळे हसले. मीही हसले. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. "शनिवारी पत्त्यांचा कॅट घेऊन या, मी दाखवते," मी म्हणाले. "पंधरा मिनिटांचं तर काम आहे."

शनिवारी शाळा सुटल्यावर ते आले. कॅट वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोरा बांधला होता. प्रयोगशाळेच्या टेबलावर मी पत्ते पसरले. सर उभेच राहिले आणि हातातली लाकडी पट्टी पुढे करून एकेक पत्ता सरकवू लागले. बदाम इकडे, चौकट तिकडे. "अहो, चावत नाहीत ते," मी म्हणाले. "असू दे की, दिसतंय नव्हं," ते म्हणाले. सोमवारी वर्गातही त्यांनी तसंच शिकवलं, पट्टीनं. पोरांनीही आपापल्या पट्ट्या काढल्या. मी माझ्या यादीत संभाव्यतेपुढे खूण केली.

दुसऱ्या दिवशी सर डब्याशिवाय आले. खोदून विचारलं तेव्हा बोलले. पिशवीत पत्ते सापडल्यापासून त्यांच्या आईंनी जेवण सोडलं होतं. सरांचे वडील सदलग्याला पत्त्यांत शेत हरले होते, मग घर. आई पोराला घेऊन बेळगावला आल्या, खासबागेत विणकामाच्या मागावर राबून त्यांनी त्याला शिकवलं, आणि त्याच्याकडून एकच शब्द घेतला: पत्त्याला हात लावायचा नाही.

"आधी सांगायचं ना, सर."

"सगळ्यांम्होरं बाचं नाव कसं काढू, मॅडम?"

संध्याकाळी पाठ्यपुस्तक घेऊन मी त्यांच्या घरी गेले. आईंना वाचता येत नव्हतं, म्हणून तो प्रश्न मी वाचून दाखवला.

"सरकारच पोरास्नी पत्तं शिकवतंय व्हय?"

"जुगार नाही आई, गणित आहे."

"आमच्या मालकांचंबी गणितच व्हतं की..." मग त्यांनी विचारलं, "दत्तूनं हात लावला?"

"नाही. पट्टीनं सरकवत होते," मी म्हणाले, आणि ती पट्टी कशासाठी होती ते मला तेव्हा, बोलता बोलता कळलं.

स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारल्याचंही मी सांगून टाकलं. मग उठून त्यांनी ताटं घेतली, मलाही बसवलं. वाढता वाढता म्हणाल्या, "तुमी त्येला बाजूला घिऊन इचारलं आस्तं तर, बाई?" सर मान खाली घालून जेवत होते. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही.

गेल्या आठवड्यात दहावीवर संभाव्यता मलाच घ्यावी लागली. शाळेतल्या सरांच्या कपाटातून कॅट काढला, तर सरांची पट्टी त्याच दोऱ्यानं त्याला बांधलेली. टेबलावर पत्ते मांडले. पहिल्या बाकावरची मुलगी पुढे आली आणि आपली पट्टी काढून पत्ते सरकवू लागली.

"हातानं उचल की गं."

"न्हाय मॅडम. माझ्या ताईला चौगुले सरांनी असंच शिकवलंय. पत्ते पट्टीनंच सरकवायचे असत्यात."

लाल राजा वेगळा काढून दाखवायचा होता, त्यासाठी माझा हात पुढे गेला होता... तो मागे घेतला, आणि सरांची पट्टी उचलली.