सुरतेहून आलेला ताप

माझी नणंद मला पहिल्यापासून आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे वागले ते नुसतं भीतीपोटी वागले असं कुणाला वाटायला नको. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. सुरतेला दिलेली, नवरा साड्या छापायच्या कारखान्यात कामाला. दिवाळीत आली की माझ्या कालवणात खोट काढायची. माझी मुलगी झाली तेव्हा बाळाकडे वाकून बघत म्हणाली होती, "रंग तुझाच घेतलाय वाटतं." मी हसले होते, पण ते वाक्य काही मनातून गेलं नाही.

चौऱ्याण्णव साली पावसाळा सरता सरता सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. आम्ही तेव्हा भिवंडीत एका दहा खोल्यांच्या चाळीत राहायचो. मी, एसटीत कंडक्टर असलेला माझा नवरा, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. चाळीत निम्मे आम्ही इकडचे, निम्मे कापडाच्या लूमवर काम करणारे उत्तरेकडचे. दोन दिवसांत औषधांच्या दुकानांतल्या प्लेगवरच्या कॅप्सूल संपल्या. एरवी कापसाच्या धुळीत उघड्या तोंडाने बारा बारा तास उभी राहणारी माणसं नाकाला रुमाल बांधून फिरायला लागली. नळावर कुणी खोकलं की रांग मागे सरकायची. शेजारची भाभी मला म्हणाली, "तुम्हारी ननद सूरत में है ना? चिठ्ठी लिख दो, अभी मत आना."

पत्र लिहायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. नणंद उतरली, मागून तिचा नवरा. त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. अंगावर शाल, डोळे लाल, आणि खोकला असा की पायरीवरच बसला.

मी दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिले.

"ताई, आत येऊ नका."

तिला आधी कळलंच नाही. "अगं, ताप आहे यांना. वसईला गाडी बदलताना उभंही राहवत नव्हतं. सरक बघू."

"लहान पोर आहे घरात. आधी डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टरकडे जाऊनच येतेय. सुरत म्हटल्यावर त्याने शटर खाली ओढलं."

माझ्या मागून सासूबाई आल्या. त्या खारबावच्या बाजूच्या, बोलणं अजून गावचंच. "माजी पोर भायेर उबी हाय न तू दाराव हात देऊन? बाजूला हो."

मी झाले नाही. तोवर चाळ जमली होती. कुणी म्हणत होतं पोलिसांना बोलवा, कुणी म्हणत होतं रिक्षा परत फिरवा. रिक्षावाला तर केव्हाच पळाला होता. शेवटी चाळीच्या मालकाच्या माणसाने तोडगा काढला. मागच्या बाजूला पत्र्याची शेड होती, तिथे लूमचे मोडके भाग पडलेले असायचे. तिथे राहा, म्हणाला, आणि इकडे यायचं नाही. नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले आणि एक सतरंजी बाहेर टाकली. हातात दिली नाही, टाकली.

सासूबाई आपली वाकळ घेऊन शेडमध्ये गेल्या त्या चार दिवस आल्याच नाहीत. संध्याकाळी माझा नवरा ड्युटीवरून आला, सगळं ऐकलं आणि तसाच बहिणीकडे गेला. परत आल्यावर मी त्याला म्हटलं, "आंघोळ केल्याशिवाय पोरीला हात लावायचा नाही." त्याने आंघोळ केली. माझ्याशी मात्र तो पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलला.

शेडमधल्या माणसांनी नळाला हात लावायचा नाही, असं बायकांनी ठरवलं. ठरवताना मीही होते. उलट मीच म्हटलं, पाणी मी देईन, म्हणजे कुणाला तक्रार नको. सकाळी मी हंडा घेऊन गेले. नणंद रिकामी कळशी घेऊन पुढे आली. मी म्हटलं, "खाली ठेवा. मागे व्हा." तिने ठेवली. मी हंडा कमरेएवढा उंच धरला आणि वरून पाणी ओतलं, कळशीला हंडा लागू नये म्हणून. अर्धं पाणी जमिनीवर सांडलं.

सासूबाई जावयाच्या डोक्यावर ओली पट्टी ठेवत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"मी ल्हान व्हते तवा आमाला विहिरीव चढू देत न्हवते," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आमी घागर खाली ठेवून लांब व्हायचो. त्या बाया अशाच वरून वतायच्या. तुज्यावानीच. निम्मं खाली सांडायचं."

आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी या गोष्टी मला शंभरदा सांगितल्या होत्या. त्या बायकांचा राग करतच मी मोठी झाले होते. आणि तरी त्या क्षणी मला लाज वाटली नाही, संताप आला. सासूबाईंनी माझी तुलना त्यांच्याशी करावी? "मग तुम्हीच भरा पाणी," म्हणून मी हंडा तिथेच आपटला आणि निघाले. नणंद कळशीत जमलं होतं तेवढं घेऊन आत गेली.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी शेडच्या पत्र्यावर दगड मारले. दिवसाढवळ्या, दुपारी. मग शेजारच्या भाभीचा नवरा डब्यातून ढेकूण मारायची गॅमेक्सिन पावडर घेऊन आला आणि शेडभोवती रेघ ओढावी तशी शिंपडत गेला. वारा आतल्या बाजूला होता. पावडर अंथरुणावर उडाली, सासूबाईंनी नुकत्याच उतरवलेल्या पेजेत पडली. आतून नणंदेच्या नवऱ्याचा खोकला थांबेचना. मी खिडकीतून बघत होते. माझी मुलगी म्हणाली, "आई, आजीला खोकला आला." मी खिडकी लावून घेतली.

चौथ्या दिवशी नवऱ्याने कुठून कुठून ओळख काढून एका म्हाताऱ्या डॉक्टरांना आणलं. ते रुमालही न बांधता शेडमध्ये शिरले, छाती तपासली, काखेत, जांघेत गाठी आहेत का पाहिल्या, घसा पाहिला. मग बाहेर येऊन चाळीसमोर उभे राहिले.

"कुणी सांगितलं तुम्हाला हा प्लेग आहे? फ्लू आहे. प्लेगवाला चार दिवस औषधाशिवाय असा बसून पेज प्यायला असता का? ताप उतरायलाही लागलाय." मग पायाखालच्या पावडरीकडे बघून म्हणाले, "हे कुणी टाकलं? तापाने नाही तर याने मेला असता तो."

बायका आपापल्या खोल्यांत गेल्या.

नणंद त्याच दिवशी नवऱ्याला घेऊन खारबावला चुलत्यांकडे गेली. मी म्हटलं, "आता घरात या, चहा तरी घ्या." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. सासूबाई तिच्याबरोबर गेल्या आणि महिनाभर तिकडेच राहिल्या.

पुढच्या आठवड्यात तोच ताप आमच्या चाळीतून फिरला. दहातल्या सात खोल्यांत कुणी ना कुणी आडवं होतं. मला आला, माझ्या मुलीला आला, पावडर टाकणाऱ्या त्या माणसाला तर सगळ्यांत जोरात आला. पण तोवर वर्तमानपत्रांतला प्लेग ओसरला होता. आता त्याला सगळे "हवा बदलली की येतो तो ताप" म्हणत होते. भाभी माझ्यासाठी आल्याचा काढा घेऊन आली, माझ्या मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नळावर खोकत खोकत सगळ्यांनी पाणी भरलं. शेडचं नाव कुणी काढलं नाही. जणू तिथे कुणी राहिलंच नव्हतं.

मला ते विसरता आलं नाही, आणि खरं सांगते, चाळीला मात्र विसरता आलं याचा मला राग येत राहिला. भाभीचा काढा पिताना मी तिच्या तोंडाकडे बघायचे. हिला काहीच कसं वाटत नाही? मग आठवायचं, नळाचा नियम ठरला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच बोलले होते.

दोन वर्षांनी सासूबाई आजारी पडल्या तेव्हा नणंद आली. आईचं सगळं तिने केलं, माझ्या स्वयंपाकघरातही वावरली. एका दुपारी ती तांदूळ निवडत असताना मी जवळ बसले आणि म्हटलं, "ताई, तेव्हा माझं चुकलं. फार चुकलं."

तिने सूप खाली ठेवलं.

"हो, चुकलं तुझं," ती म्हणाली. "तू घाबरलीस त्याचं मला काही नाही. मीही घाबरले होते. पण तुला तेव्हा बरं वाटत होतं. तुझ्या तोंडावर दिसत होतं."

मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही. मान खाली घालून म्हटलं, "हो."

"मग माफी कशाची मागतेस? ते मला माफ करता येणार नाही. आई आहे तोवर येईन."

आणि ती येत राहिली. दर सणाला, आईसाठी साडी, माझ्या मुलीसाठी फ्रॉक घेऊन. माझ्याशी नीट बोलायची, कालवणाला नावं ठेवणंही तिने सोडलं होतं. सासूबाई गेल्या, त्यांचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आणि ती नवऱ्याबरोबर सुरतेला गेली. त्यानंतर भावाच्या पत्रांना तिची उत्तरं यायची. ती मात्र पुन्हा आली नाही.