कॅमेऱ्याला न घावलेलं कुत्रं

भालकीचा रेवणप्पा फोटो काढायचा. त्याचा लाकडी कॅमेरा हैदराबादेहून जुना आणलेला. भिंगावरचं झाकण काढायचं, मनात एकदा शिवाचं नाव घ्यायचं, झाकण परत लावायचं. तेवढा वेळ गिऱ्हाइकानं श्वास धरायचा. फोटोत माणसं दचकल्यासारखी दिसत, पण ओळखू येत.

एकदा जवळच्याच मेहकर गावच्या श्रीपतरावांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांचं शिकारी कुत्रं वाऱ्यासारखं पळायचं.

"पळतानाच काढ. बसायला काय, कुणाचंबी कुत्रं बसतंय."

"मालक, ह्या कॅमेऱ्याला ते जमत न्हाई."

"तू झाकण काढ. पळायचं ते बघंल."

ज्वारी काढलेल्या रानात गडी हरिबानं कुत्रं सोडलं. रेवणप्पानं झाकण काढलं, लावलं. घरी येऊन कॅमेऱ्यातली फोटोची काच धुतली, तर धसकटं लख्ख, बांधावरची बाभळ लख्ख, आणि कुत्रं नाहीच. तो भीतभीतच मेहकरला गेला.

"कुत्रं कुठं हाय?"

"व्हतं मालक. कॅमेऱ्याला घावलं न्हाई."

श्रीपतरावांनी फोटो उजेडाकडं धरून बघितला. मग त्यांनी घरातल्या सगळ्यांना हाक मारली. "बघा, विलायती मशिनीलाबी घावलं न्हाई." रिकाम्या रानाचा तो फोटो चौकटीत बसवून त्यांनी बैठकीत लावला. पाहुणे बघून म्हणत, "काय पळतंय हो."

मग असाच फोटो हवा म्हणून गावोगावची बोलावणी सुरू झाली. संतपूरच्या चनमल्लप्पा व्यापाऱ्याचं कुत्रं जाडजूड. ते अर्ध्या वाटेत कान खाजवायला थांबलं आणि फोटोत कानासकट उमटलं. चनमल्लप्पाचं तोंड उतरलं.

"हे कामून दिसायलंय?"

"थांबलं की, अण्णा."

ते फोटोत दिसेनासं होईपर्यंत रेवणप्पाला पुन्हा पुन्हा संतपूरला जावं लागलं. त्याची बायको निलम्मा म्हणाली, "नुसतं रान काढा की. कुणाला कळायलंय?"

"ती फसवणूक व्हईल," रेवणप्पा म्हणाला. कुत्रं खरंच पळाल्याशिवाय त्यानं कधी झाकण काढलं नाही. पण एकदा तरी पळतं कुत्रं फोटोत धरावं, असं त्याला फार वाटायचं.

दुसरी जागतिक लढाई संपल्यावर त्यानं खटका दाबायचा नवा कॅमेरा घेतला आणि आपणहून मेहकर गाठलं. पहिलं कुत्रं आता म्हातारं झालं होतं, म्हणून त्याची पोर, एक तरणी कुत्री, रानात सोडली. घरी येऊन फोटो बघितला, तर आनंदानं रेवणप्पाला जेवण सुचेना. चारी पाय जमिनीच्या वर, कान मागं, नखं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट.

मेहकरला नेल्यावर श्रीपतरावांनी तो हातात घेतला. "ही तर उभीच हाय."

"उभी न्हाई मालक. पाय अधांतरी हायत."

"मग पडायलीय." त्यांनी फोटो परत दिला. "बापावर गेली न्हाई. कॅमेऱ्याला घावली. हरिबा, कुणाला तरी देऊन टाक हिला."

रेवणप्पाला वाईट वाटलं. तिला दोरी बांधून तो भालकीला घेऊन आला. निलम्मा दारातच उभी होती.

"ही पळती का?"

"लई पळती."

"मग आधी फाटक लावा," ती म्हणाली, आणि भाकरी आणायला आत गेली.