थांबलेल्या मशिनी

शर्ट शिवणाऱ्या त्या हॉलमध्ये माणसाचं काम हेच त्याचं नाव. एक बाहीवाली, एक काजवाली, आणि जिची ही गोष्ट ती कॉलरवाली. हात असा की तिनं बसवलेली कॉलर उसवून बघायची वेळ कधी आली नाही. बोलताना मात्र पहिल्याच अक्षराला अडखळायची. सुपरवायझरनं तिचं नाव ठेवलं ‘खटारा’.

"ख... ख... खटारा, धक्का देऊ का?" तो रोज म्हणायचा आणि हॉल खदाखदा हसायचा. साहेबाचा विनोद कितीही शिळा असला तरी हसू येतंच. रजा त्याच्या हातात असते ना!

एकदा तिनं कसंबसं "पु... पुरे करा" म्हटलं. त्याच आठवड्यात काम संथ असल्याचा ठपका ठेवून तिला काढून टाकलं.

आई म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घेतलंस?" कॉलरवाली भडकली. पाण्यातून तर तिला बाहेरच फेकलं होतं, आता कसला मासा नि कसलं वैर! ती उठली आणि मोफत कायदा सल्ला केंद्रात गेली.

तिथल्या वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तिची वाक्यं आपण पुरी न करता. मग म्हणाल्या, "ताई, केस उभी राहील. पण साक्षीला कुणीतरी हवं. नाहीतर तुमचा शब्द आणि त्याचा शब्द."

ती बाहीवालीच्या दारात गेली. शेजारशेजारच्या मशीनवर दोघी वर्षानुवर्षं बसलेल्या.

"अगं, घरात कमावणारी मी एकटी," बाहीवाली म्हणाली आणि तिनं दार लोटून घेतलं.

सुनावणीला कामगार अधिकाऱ्यांपुढे सुपरवायझर अगदी साळसूद. "साहेब, एवढ्या मशिनींचा धडधडाट असतो. शेजारच्या मशीनवरून ओरडलं तरी ऐकू येत नाही. मी चिडवलं आणि सगळे हसले, हे कसं शक्य आहे? विचारा या बाईंना."

कंपनीनं साक्षीला आणली होती ती बाहीवालीच.

"मशिनींच्या आवाजात बोललेलं ऐकू येतं का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही येत, साहेब."

सुपरवायझर खुशीत हसला. कॉलरवालीनं डोळे मिटले. संपलं सगळं.

"म्हणून तर ही अडखळली आणि हे बोलायला लागले की आम्ही मशिनी थांबवायचो," बाहीवाली हातातला रुमाल पिळत म्हणाली. "सगळ्याजणी. नीट ऐकू यावं, हसता यावं म्हणून. मीसुद्धा."

सुपरवायझरचा चेहरा खाडकन उतरला. निकाल कॉलरवालीच्या बाजूनं लागला. त्याला गोदामात धाडलं आणि तिला तिची मशीन परत मिळाली.

पहिल्याच सकाळी सुई मोडली. नव्या सुपरवायझरबाई लांब उभ्या होत्या. कॉलरवाली उठून म्हणाली, "सु... सु..."

ती अडखळलेली दिसताच सवयीनं सगळ्या मशिनी थांबल्या.

हॉल चिडीचूप. म्हणजे पुन्हा तेच?

बाहीवालीनं मान वर न करता पायाखालचं पॅडल दाबलं. मग काजवालीनं. एकेक करत सगळा हॉल धडधडू लागला, आणि त्या आवाजात, सुपरवायझरबाईंच्या कानाशी जाऊन, हवा तेवढा वेळ घेऊन, कॉलरवालीनं आपलं वाक्य पुरं केलं.