पूजेला मांडलेली बंदूक

तो कावेरीकाठच्या एका गावचा शेतराखणदार होता. नाव मी विचारलं नाही. रोज सकाळी समोरची सरकारी कचेरी उघडेपर्यंत आमच्या ओट्यावर बसायचा आणि खांद्यावरचा बंदुकीचा पट्टा सारखा करायचा. खांद्यावर पट्टा नव्हताच.

आयुधपूजेला त्याने आजोबांची ठासणीची बंदूक चंदन-कुंकू लावून दारात मांडली होती. गोऱ्या सरकारच्या शिपायाने ती पाहिली, परवाना मागितला आणि पूजेवरून उचलून नेली. पुढच्याच आठवड्यात, नुसती काठी घेऊन राखणीला गेलेल्या त्याच्या भावाची मांडी रानडुकराने फाडली.

"परवान्याच्या अर्जाचं काय झालं?" मी विचारलं.

"कारकून म्हणतो, डुकरं येतात याचा पुरावा आण. अम्मा, डुकराला परवाना लागत नाही, मलाच लागतो."

त्याच गावच्या मिरासदाराला दोन बंदुकांचे परवाने लगेच मिळाले. तो बगळे मारतो.

तो कारकून माझा भाचा. जेवताना मला म्हणाला, "आत्या, कायदा सगळ्यांना सारखा."

"मग मिरासदाराचा तुपाचा डबा आपल्या घरात कसा रे?"

मी डबा उचलला, भर दुपारी कचेरीच्या पायरीवर नेऊन ठेवला आणि कोणी कशासाठी पाठवला ते मोठ्याने सांगितलं.

भाच्याची नोकरी गेली. बंदूक अजून कचेरीतच गंजते आहे.