सेनापतीणबाईबद्दल कीर्तीचं मत

मी कल्पना. बावीस वर्षं चेन्नईत, वेस्ट मांबलममध्ये संसार करतेय आणि तोंडाने फटकळ आहे, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. कीर्ती आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहते. मूळची कराडची, इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर. कंपनीच्या बसमध्ये विटेएवढी जाड पुस्तकं वाचायची आणि संध्याकाळी चहा पिता पिता मला ऐकवायची. बोलायला लागली की थांबायची नाही पोर!

गेला महिनाभर मात्र तोंडात मिठाची गुळणी. विचारलं तर "काही नाही, काकू." म्हटलं, चल, माणसांत तरी ये. मैलापूरला राजसबाईंकडे दर महिन्याला आमचं वाचनमंडळ भरतं. राजसबाई तंजावरकडच्या, मराठी जुनी, त्यात निम्मं तमिळ, पण दरारा मोठा. त्यांचा एकच नियम: गोष्ट सांगत बसायचं नाही, मत सांगायचं.

कीर्तीने युद्धाची एक काळीकुट्ट कादंबरी आणली होती. चीनच्या इतिहासावरून रचलेलं काल्पनिक राज्य, मंत्रतंत्र, आणि एक तरुण सेनापतीण. शत्रूला अडवायला ती नदीचा बांध फोडायचा हुकूम देते. शत्रूबरोबर आपलीच चाळीस गावं बुडतात. पुढच्याच पानावर ती जेवायला बसते.

"वाचणारे म्हणतात, हे पटत नाही," कीर्ती सपाट आवाजात म्हणाली. "एवढी माणसं मारून घास उतरेल कसा? माझं मत उलटं आहे. उतरतो. मीही त्या दिवशी जेवले. कँटीनला लेमन राइस होता."

"कुठल्या दिवशी गं?" मी खेकसलेच.

राजसबाईंनी हात वर केला. मला वाटलं, आता नियम ऐकवणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "सांगू दे तिला."

"आमच्याकडे पत्रा दाबायच्या प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन थांबतं. त्या दिवशी ते सारखं उगाच थांबत होतं आणि माल तर जायलाच हवा होता. एका शिफ्टपुरता सेन्सर बंद करायला मी सही दिली. सगळेच देतात. कार्तिक नावाच्या ऑपरेटरची दोन बोटं गेली. चौकशीत लिहिलं, त्याचाच निष्काळजीपणा. माझ्या सहीचा कागद फाइलमधून काढला. साहेब म्हणाले, गप्प राहा, तुझंच भलं आहे. राहिले. येत्या शुक्रवारी त्याला काढून टाकणार आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, आणि तू इथे पुस्तकावर मत देत बसलीस?"

"पुस्तकात ती शेवटपर्यंत कबूल करत नाही, काकू. लोक तिला देवी करून टाकतात. तेवढं मला आवडलं नाही."

परतीच्या वाटेवर मी तिचा हात धरून बसले. माझ्यासारखी बाई!

सोमवारी तिने लेखी जबाब दिला. सहीच्या त्या कागदाची एक प्रत तिच्याकडे होती, तीही जोडली. कार्तिकला ठेवून घेतलं, स्टोअरमध्ये. कीर्तीकडून गुरुवारी राजीनामा लिहून घेतला. तिथून ती कार्तिकच्या घरी गेली आणि मग माझ्याकडे आली.

"मोकळं वाटलं का गं जरा?"

"नाही. काहीच वाटत नाही."

"चिडला असेल तो."

"चिडला असता तर बरं झालं असतं. सेन्सर बंद आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, काकू. महिनाभर तो बायकोला सांगत होता, माझंच लक्ष नव्हतं म्हणून. आज मला म्हणाला, मॅडम, म्हणजे मी वेंधळा नाही ना? दोनदा विचारलं त्याने."

हेही तिने त्याच सपाट आवाजात सांगितलं. रडू फुटलं ते मला. तिने उठून मला पाणी आणून दिलं.